आपत्तीची वर्दी आणि मोबाईलची दवंडी

इ. स. २०२५ च्या मे महिन्याच्या २५ तारखेस रोहिणी नक्षत्र निघालें, आणि त्याच दिवशीं बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत जो पाऊस कोसळला तो आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं स्वतः अनुभविलेला आहे. ज्या दिवसांत आपण विहिरीच्या तळाकडे पाहून पाळ्या मोजीत असतों, त्या दिवसांत ओढ्यांना पूर यावेत, नीरा डाव्या कालव्याचा भराव पिंपळी-लिमटेकच्या बाजूस फुटावा, लोकांच्या घरांत पाणी शिरावें आणि राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या तुकड्या बारामतीस व इंदापुरास धाडाव्या लागाव्या, हें आपल्याकडील म्हाताऱ्या माणसांसहि नवीन होतें. दुसऱ्याच दिवशीं नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईस पोहोंचला. त्याची तेथील नेहमीची तारीख ११ जून आहे. आपला मुलूख अवर्षणाचा. दुष्काळास तोंड कसें द्यावें हें वाडवडिलांनीं आपणांस शिकविलें आहे. पाणी अंगावर चालून आलें असतां काय करावें हें मात्र कोणीं शिकविलें नाहीं.

त्या पावसानें झालेल्या नुकसानीविषयीं, पंचनाम्यांविषयीं व भरपाईविषयीं पुष्कळ लिहून झालें आहे. त्यांत भर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस लिहावयाचें आहे तें त्या दिवशींच्या वर्दीविषयीं. संकटाची बातमी कोणाकडून निघाली, कोणत्या वाटेनें गेली, कोणास मिळाली व कोणास मिळाली नाहीं, याचा विचार आपण शेतकऱ्यांनीं अजून मुळींच केलेला नाहीं.

आमची वस्ती कालव्याच्या खालच्या अंगास, ओढ्याच्या कांठीं आहे. वस्तीचा व शेजारच्या शिवाराचा मिळून व्हॉट्सॲपचा एक ग्रुप आहे व त्यांत शंभरावर माणसें आहेत. एरवीं त्यावर लग्नपत्रिका, वाढदिवसाच्या शुभेच्छा, बाजारभाव आणि चुकलेल्या जनावरांचे फोटो येत असतात. त्या दिवशीं दुपारपासून रात्रीं नऊ वाजेपर्यंत त्यावर दीडशेंहून अधिक मेसेज आले. पाऊस उघडल्यावर आम्हीं ते सर्व ओळीनें वाचून काढले. पुराचे फोटो, जोडलेले हात, सरकारास शिव्या, आणि एकच चित्रफीत निरनिराळ्या हातांनीं अकरा वेळां टाकलेली! ज्याचा कोणास कांहीं उपयोग व्हावा असे मेसेज सारे चार निघाले.

ती अकरा वेळां आलेली चित्रफीत अशी होती. एका धरणाचे सर्व दरवाजे उघडलेले आहेत, पाणी फेसाळत खालीं कोसळत आहे, आणि कोणी एक गृहस्थ मराठींत ओरडून सांगत आहे कीं, धरण गेलें, पळा. धरण कोणतें, दिवस कोणता, बोलणारा कोण, याचा कांहीं पत्ता नाहीं. आमच्या शेजाऱ्यांनीं दावणीचीं जनावरें सोडून भर पावसांत माळावर नेलीं. त्यांत एक गाभण गाय घसरून पडली, ती पुन्हां उठली नाहीं. संध्याकाळीं वस्तीवरच्या एका शाळकरी मुलानें ती चित्रफीत बोटांनीं मोठी करून पाहिली, तेव्हां धरणाच्या भिंतीवरील पाटी कानडी अक्षरांत लिहिलेली निघाली. मराठी आवाज मागाहून कोणी तरी जोडलेला होता.

गाय गेली ती गेली. परंतु खरें नुकसान त्यानंतरचें आहे. अंधार पडल्यावर त्याच ग्रुपवर एका माणसाच्या आवाजांतील निरोप आला कीं, भराव खचला आहे, पाणी सुटलें आहे, खालच्यांनीं बाहेर पडावें. हा निरोप खरा होता. पण भराव कोणत्या फाट्याजवळ खचला हें त्यांत सांगितलेलें नव्हतें, आणि तीन ग्रुपांतून फिरत फिरत आमच्यापर्यंत येईपर्यंत त्यास दीड तास होऊन गेला होता. एकदां माळावर जाऊन भिजून आलेलीं माणसें पुन्हां हललीं नाहींत. पाणी वस्तीवर कमरेइतकें आलें. जीवहानि झाली नाहीं हें दैव म्हणावयाचें. दोन मोटारी, एक कडब्याची गंज आणि एका विधवा बाईच्या चार शेळ्या गेल्या. दुपारच्या खोट्या वर्दीनें संध्याकाळच्या खऱ्या वर्दीची पत खाऊन टाकली होती. सोसायटींत एकानें कर्ज बुडविलें म्हणजे दुसऱ्या प्रामाणिक सभासदाचा अर्ज कसा अडतो, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक फोड करून सांगण्याची जरुरी नाहीं.

आमच्या लहानपणीं चावडीपुढून दवंडी निघे. तिच्या मागें एक मालक असे. पाटलाच्या किंवा मामलेदाराच्या हुकुमावांचून डफ वाजत नसे. दवंडी आज निघाली म्हणजे ती आजचीच असे, परवांची दवंडी आज कोणी देत नसे. तिला शीव होती. एका गांवची दवंडी दुसऱ्या गांवीं ऐकूं येत नसे व दुसऱ्या गांवास ती लागूहि नसे. दवंडीचे ते दिवस परत यावेत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. डफ घेऊन उन्हातान्हांत फिरणाऱ्या माणसाच्या वाट्यास गांवाकडून काय येई, हें सांगावयास नकोच. परंतु मालक, वेळ आणि शीव या ज्या तीन गोष्टी त्या ओबडधोबड साधनांत होत्या, त्या आपल्या हातांतल्या दहा-पंधरा हजार रुपयांच्या यंत्रांत आपण शिल्लक ठेवल्या नाहींत, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

हा दोष यंत्राचा मानून तें टाकून द्यावें असें म्हणणारे कांहीं वडीलधारे लोक आहेत. त्यांच्याशीं आमचें जमत नाहीं. इ. स. २०१८ च्या ऑगस्टांत केरळांत जो महापूर आला त्या वेळीं घराच्या गच्चीवर अडकलेल्या माणसांनीं आपला ठावठिकाणा मोबाईलवरून कळविला, आणि त्या खुणेवरून कोळी लोकांच्या होड्या त्यांच्यापर्यंत पोहोंचल्या. यांत उपयोगी ठरला तो पत्ता, घराची खूण व माणसांची संख्या. त्याच पुरांत सुटका होऊन गेलेल्या लोकांचे जुने निरोप मागाहूनहि फिरत राहिले व मदत करणारांचा वेळ त्यांत फुकट गेला, हेंहि तितकेंच खरें आहे. एकाच साधनाचे हे दोन्ही गुण, आणि फरक एवढाच कीं एका निरोपांत ठिकाण होतें व दुसऱ्यांत वेळ नव्हती.

आपल्याकडे पाहावयाचें तर ता. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवावी. पुरंदर तालुक्यांत मुसळधार पाऊस झाला, नाझरे धरण भरून वाहूं लागलें, आणि कऱ्हेला असा पूर आला कीं बारामती शहरांतील व नदीकांठच्या गांवांतील हजारों माणसें हलवावीं लागलीं. वरच्या अंगास तर कित्येक माणसें वाहून गेलीं. कऱ्हा कोरडी म्हणून आपण तिच्या पात्रापर्यंत घरें व गोठे नेलेले. पण तो विषय वेगळा आहे. येथें लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, पुरंदरांत पडलेलें पाणी बारामतीस एका क्षणांत येत नाहीं, त्यास कांहीं तास लागतात. हे तास म्हणजेच खालच्या गांवांचें सारें भांडवल. पूर्वीं घोडेस्वारास किंवा तारायंत्रास हें अंतर काटतां काटतां पाणी येऊन ठेपे; आतां निरोप पाण्याच्या कितीतरी पुढें धांवतो. मग ते तास आपण कानडी धरणांच्या चित्रफिती पाहण्यांत कां दवडावे?

खोट्या वर्दीचा परिणाम कोठवर जातो हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ता. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरील अफवेवरून भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांस जमावानें ठार मारलें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीनें आपल्या देशापुरती एक मेसेज एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें ढकलतां येऊं नये अशी मर्यादा घातली. तरी अफवा थांबल्या नाहींत. इ. स. २०२४ च्या उन्हाळ्याअखेरीस व पावसाळ्याच्या तोंडीं आपल्याच भागांत रात्रीं आकाशांत ड्रोन फिरतात व चोर त्यांवरून घरें हेरतात अशी बातमी फिरत होती आणि माणसें काठ्या घेऊन रात्र-रात्र जागत होतीं. आपत्ति व्यवस्थापन कायदा, २००५, याच्या ५४ व्या कलमान्वयें आपत्तीविषयीं खोटी वर्दी देऊन घबराट पसरविणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंडाची शिक्षा आहे. परंतु वस्तीवरच्या ज्या अकरा जणांनीं ती चित्रफीत पुढें टाकली ते सर्व आपलेच भाऊबंद, आणि त्या प्रत्येकाचा हेतु दुसऱ्यास सावध करण्याचाच होता. अशा ठिकाणीं कायद्याच्या आधीं रीत लागते.

आतां सरकारी वर्दीकडे वळूं. पावसाळ्यांत वीर धरणांतून नीरेंत किंवा उजनींतून भीमेंत पाणी सोडतात तेव्हां पाटबंधारे खात्याचा मेसेज आपल्या मोबाईलवर येतो. त्यांत क्यूसेकचा आंकडा असतो, वेळ असते, खात्याचें नांव असतें. म्हणजे दवंडीचे गुण त्यांत आहेत. उणीव आहे ती आपल्या बाजूची. एक क्यूसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, सुमारें २८ लिटर पाणी. सुमारें साडेअकरा हजार क्यूसेक पाणी अहोरात्र चोवीस तास वाहिलें म्हणजे एक टी. एम. सी. भरतें. हा हिशेब पाठ असूनहि नदीकांठच्या शेतकऱ्यास त्यावरून आपली मोटार बुडणार कीं वांचणार हें कळत नाहीं. वीस हजार क्यूसेकला पाणी मळईच्या कडेस लागतें कीं चाळीस हजारांस, घाटाची कितवी पायरी कोणत्या आंकड्यास बुडते, पुलाच्या कमानीस पाणी केव्हां टेकतें, हें प्रत्येक गांवीं निराळें आहे आणि तें त्या गांवच्या माणसांखेरीज कोणाहि इंजिनियरास सांगतां येणार नाहीं.

सबब आमची पहिली सूचना ही कीं, नदी-ओढ्याकांठच्या प्रत्येक गांवानें एक पक्की जागा धरावी. देवळाची भिंत असो, पुलाचा खांब असो किंवा विहिरीचें बांधकाम असो. मोठें पाणी सोडल्याचा मेसेज आला म्हणजे आंकडा व सोडल्याची वेळ वहींत उतरून घ्यावी. पाणी आपल्या गांवीं किती तासांनीं आलें व कोठपर्यंत चढलें तें पाहावें, आणि त्या जागीं रंगानें रेघ ओढून शेजारीं तारीख व आंकडा लिहावा. दोन-तीन पावसाळे हें नेमानें केलें तर पुढें मेसेज येतांच कोणाहि पोरास सांगतां येईल कीं, हें पाणी अमुक रेघेचें आहे, तें पहाटे चारच्या सुमारास येईल, अमक्या-तमक्यांच्या मोटारी काढल्या पाहिजेत. बंधाऱ्यांचीं दारें घातलेलीं असलीं किंवा मधल्या ओढ्यांनीं भर घातली तर हिशेब थोडा चुकेल, हें आम्हांस मान्य आहे. आपण पावसाचा अंदाजहि धरून चालतों आणि तोहि चुकतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. दवंडी ज्यास कान आहेत त्या सर्वांची होती; ग्रुप हें बंद घर आहे. ज्यास ॲडमिननें आंत घेतलें त्यासच त्यांतलें कळतें. आणि आपल्या गांवोगांव काय स्थिति आहे? ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या निवडणुकीनंतर एका ग्रुपचे दोन होतात, दोहोंचे चार होतात. एका गटाचा माणूस बंधाऱ्यावर उभा राहून पाणी चढतांना पाहतो व आपल्या ग्रुपवर कळवितो. दुसऱ्या गटाची वस्ती त्याच बंधाऱ्याच्या खालीं झोपलेली असते. असें आमच्या पाहण्यांत आलेलें आहे. पाण्यास दोन्ही गटांचे बांध सारखेच. तेव्हां आपत्तीपुरता तरी गांवचा एक निराळा ग्रुप असावा, त्यांत दोन्हीकडचे लोक असावेत, आणि पाऊस-पाण्याखेरीज त्यावर अक्षर टाकण्याची कोणास परवानगी नसावी. लग्नपत्रिकांस जागा पुष्कळ आहे.

याहीपेक्षां मोठी चूक आपली ही आहे कीं, जे कोणत्याच ग्रुपांत नाहींत त्यांची आपणांस आठवणच होत नाहीं. आपल्या उसाच्या फडाजवळ कोप्या घालून राहणारीं तोडकरी माणसें, वीटभट्टीवरचे मजूर, शेतांत मेंढरें बसविलेले धनगर, मळईंत खोपट घालून राहिलेला राखणदार हीं सारीं नदीच्या सर्वांत जवळ असतात, आणि पाण्याच्या वाटेवर त्यांना बहुधा आपणच जागा दिलेली असते. इ. स. २०२० च्या १४ ऑक्टोबरास बंगालच्या उपसागराकडून आलेल्या वादळी पावसानें निमगांव केतकीसारख्या गांवांत पाणी शिरून माणसें हलवावीं लागलीं, त्या वेळीं गळिताचा हंगाम तोंडावर होता. तो पाऊस तीन आठवड्यांनीं आला असता तर कोप्यांत कोण होतें? परगांवचीं माणसें, ज्यांना आपल्या ओढ्याचें नांवहि ठाऊक नसतें. ज्याच्या शिवारांत परगांवचें माणूस उतरलें आहे त्या मालकानें, वर्दी मिळाली कीं, स्वतः किंवा आपल्या गड्यास पाठवून त्यास उठवावें. मेसेज पुढें ढकलल्यानें हें काम होत नाहीं. तेथें पायांनींच जावें लागतें.

उजनीच्या पाणलोटाच्या कांठच्या गांवांस तर पुराहून वाऱ्याचें भय अधिक. ता. २१ मे २०२४ रोजीं संध्याकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीस येणारी होडी अकस्मात् सुटलेल्या वादळानें उलटली. एक गृहस्थ पोहून कांठास लागले आणि सहा जीव गेले, त्यांत लहान मुलें होतीं. दोन्ही कांठांच्या लोकांचे रोजचे व्यवहार त्या पाण्यावरून चालतात. वळवाचें वादळ ज्या बाजूनें उठतें त्या बाजूच्या गांवांस तें आधीं दिसतें. त्या गांवच्या एकानें समोरच्या कांठावरील होडीवाल्यास फोन करावा आणि तो आल्यावर होडी बांधून ठेवावी, इतका करार दोन गांवांमध्यें होण्यास कोणत्या सरकारी ठरावाची गरज आहे? वैशाखांतल्या दुपारनंतर हा करार अंमलांत असावा. उतारू कितीहि घाईचा असो, भाड्याचे चार पैसे बुडाले तरी चालतील.

मोबाईलच्या मर्यादेविषयींहि थोडें लिहिलें पाहिजे. वादळी पावसांत प्रथम वीज जाते. मनोऱ्याची बॅटरी कांहीं तास टिकते, मग तोहि मुका होतो. नेमकी गरज असते त्या रात्रीं आपल्या हातांत निर्जीव कांच राहते. इ. स. २०२३ मध्यें आपल्या सर्वांचे मोबाईल एकाच वेळीं मोठ्यानें वाजले व पडद्यावर सरकारी इशाऱ्याची चांचणी उमटली, तें पुष्कळांना स्मरत असेल. कित्येकांनीं तो मोबाईल बिघडला असें समजून बंद केला! ती योजना चांगली आहे. तीस इंटरनेट लागत नाहीं, कोणाचा नंबर ठाऊक असावा लागत नाहीं, ठराविक मनोऱ्यांच्या टापूंत असलेल्या सर्वांस ती पोहोंचते. म्हणजे तिला शीव आहे. तशीच ग्रामसुरक्षा यंत्रणा आपल्या जिल्ह्यांत कित्येक गांवांनीं घेतलेली आहे. तींत एकानें फोन केला कीं त्याचा आवाज गांवांतल्या सर्व नोंदलेल्या फोनांवर एकदम ऐकूं येतो; वाचतां न येणाऱ्या म्हातारीसहि तो समजतो. चोर आणि बिबट्या यांकरितां तिचा उपयोग होतोच; पाण्याकरितांहि करावा. पण या दोन्हींचा जीव शेवटीं मनोऱ्यांतच आहे.

याकरितां ओरिसा प्रांताचें, म्हणजे आजच्या ओडिशाचें, उदाहरण घेण्याजोगें आहे. तेथें इ. स. १९९९ च्या ऑक्टोबरांत आलेल्या महाचक्रीवादळांत सुमारें दहा हजार माणसें मेलीं. वीस वर्षांनीं, ता. ३ मे २०१९ रोजीं, फणी नांवाचें तसेंच भयंकर वादळ आलें; त्यापूर्वीं सुमारें बारा लाख लोक हलविण्यांत आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आंत राहिली. त्या वेळीं २६ लाख मोबाईल मेसेज गेले हें सर्वत्र छापून आलें. पण त्याबरोबरच किनाऱ्यावर भोंगे वाजले, कर्णे लावून गाड्या फिरल्या आणि स्वयंसेवक घरोघर गेले, हें वाचणारे थोडे. मेसेजानें माणूस सावध होतो. उठून बाहेर पडतो तो ओळखीच्या माणसानें दार ठोठावल्यावर. आपल्या देवळांत काकड्यासाठीं भोंगा आहे, दुधाच्या डेअरींत आहे, साखर कारखान्यांना तर मोठे भोंगे आहेत. त्यांस बॅटरी जोडून ठेवावी, आणि पुराच्या वर्दीचा नाद नेहमीपेक्षां निराळा ठरवावा.

राहिलें तें आपल्या सभासदांच्या वागणुकीचें. येत्या तालुका सभांपुढें आमचा ठराव असा येणार आहे: आपत्तीचा निरोप देणारानें आपलें नांव, ठिकाण फाटा-मोरीच्या खुणेसह, आणि पाहिल्याची वेळ सांगितल्याशिवाय निरोप देऊं नये, ज्यांत हीं तीन नाहींत तो पुढें ढकलूं नये, उलट पाठविणारास फोन करून विचारावें, आणि धोका टळला म्हणजे टळल्याचा निरोपहि त्याच माणसानें द्यावा. प्रत्येक वस्तीवर एक कर्ता माणूस व एक शाळा शिकलेलें पोर असे दोघे नेमावेत. पोरानें चित्रफितींची पारख करावी, कर्त्यानें कोप्या-खोपटांपर्यंत जावें. या ठरावास कांहीं मंडळी हंसतील. परंतु कालव्याच्या पाळीपत्रकासहि प्रथम लोक हंसलेच असतील, आणि आज पाळीपत्रकावांचून कालव्यावर भांडणाखेरीज दुसरें कांहीं व्हावयाचें नाहीं.

आमच्या वस्तीपुरती सुरुवात झालेली आहे. ओढ्यावरील मोरीच्या भिंतीस २५ मेच्या पाण्याची रेघ आम्हीं ओढली असून पुढील पाण्यांकरितां जागा सोडली आहे. ज्या गांवांनीं अशा रेघा ओढल्या असतील किंवा यापुढें ओढतील त्यांनीं जागेचें नांव, तारीख, सोडलेल्या पाण्याचा आंकडा व पाणी येण्यास लागलेले तास एवढें एका पोस्टकार्डावर किंवा मेसेजानें संपादकांकडे कळवावें. नीरा, कऱ्हा व भीमा यांच्या कांठच्या गांवांच्या खुणा वरून खालीं क्रमानें प्रत्येक अंकांत छापण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे.